एकाच बाईच्या घशात बाप आणि दोन लेक: मासाको नोझावा यांची कारकीर्द

रात्रपाळी (धागाकर्ता)

ड्रॅगन बॉल या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा विषय निघाला की आपल्याकडच्या गप्पा केसांचा रंग आणि पॉवर लेव्हल यांच्यापुढे सरकत नाहीत. म्हणून हा धागा आवाजापुरता. मूळ जपानी आवृत्तीत गोकू, त्याचा थोरला गोहान आणि धाकटा गोतेन या तिघांचे आवाज एकाच बाईंचे आहेत: मासाको नोझावा. गोकूचा बाप बार्डॉकही त्याच, आणि 'ड्रॅगन बॉल सुपर' या पुढच्या मालिकेतला गोकू ब्लॅक नावाचा खलनायकही त्याच. आपण कार्टून नेटवर्कवर जे इंग्रजी-हिंदी पाहिलं त्यात मोठ्या गोकूला पुरुषाचा आवाज होता. त्यामुळे जपानी ट्रॅक पहिल्यांदा लावणारा माणूस दहा मिनिटांत तो बंद करतो, हे नेहमीचंच.

थोडक्यात कुंडली: जन्म २५ ऑक्टोबर १९३६, तोक्यो. वयाच्या तिसऱ्या वर्षी शोचिकू या सिनेमा कंपनीच्या चित्रपटात बालकलाकार. युद्धकाळात तोक्यो सोडून गुन्मा प्रांतातल्या नुमाताला. पुढे रंगभूमी, नाटक मंडळीत काम, आणि टीव्ही सुरू झाल्यावर परदेशी मालिकांचं डबिंग. १९६८ मध्ये 'गेगेगे नो किटारो'मध्ये किटारो, वय ३१. १९७८ मध्ये 'गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९'चा तेत्सुरो, वय ४१. २६ फेब्रुवारी १९८६ ला ड्रॅगन बॉल सुरू झालं तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या. ११ ऑक्टोबर २०२४ ला 'दाइमा' ही नवी ड्रॅगन बॉल मालिका सुरू झाली तेव्हा ८७ च्या, आणि दोनच आठवड्यांत ८८ पूर्ण. त्यात छोटा गोकू आणि मोठा गोकू दोन्ही त्यांचेच.

माझं म्हणणं एवढंच: बाई मोठ्या आहेत त्या 'लहान मुलाचा आवाज काढतात' म्हणून नव्हे. तसा आवाज काढणाऱ्या जपानमध्ये ढिगाने आहेत. बाईंचं वेगळेपण आवाज न थांबता बदलण्यात आहे, आणि ती सवय नाटक आणि थेट प्रक्षेपणातल्या डबिंगमधून आली आहे. जाणकारांनी भर घालावी.

पिंपळपान

चांगला विषय. थेट डबिंगबद्दल लिहितो, कारण ते समजल्याशिवाय ही पिढी समजत नाही.

१९५५-५६ च्या सुमारास जपानी टीव्हीकडे स्वतःचे कार्यक्रम कमी आणि तास भरायचे जास्त, म्हणून अमेरिकन मालिका आणल्या. केआरटी (आजचं टीबीएस) वर १९५५ मध्ये सुपरमॅनची कार्टून्स अशीच जपानी आवाजात दाखवली गेली. आवाज आधी ध्वनिमुद्रित नसायचा. स्टुडिओत फिल्म चालू, तीच फिल्म हवेत जातेय, आणि नट पडद्याकडे बघत त्याच क्षणी बोलतायत. चूक झाली तर ती घराघरांत ऐकू गेली. पुन्हा घेण्याचा प्रश्नच नाही.

आता यात लहान मुलाचं पात्र आलं की पंचाईत. प्रक्षेपण रात्रीचं आणि लहान मुलांना रात्री उशिरा कामावर ठेवायला कायद्याने बंदी. शिवाय थेट प्रक्षेपणात दहा वर्षांचं पोर वाक्य विसरलं तर करणार काय? पुरुष नटांचे आवाज फुटलेले. राहिल्या तरुण नट्या. नोझावाबाईंना मुलगा पहिल्यांदा मिळाला तो असा, अडचणीतून निघालेली वाट म्हणून. ती पुढे जपानी अ‍ॅनिमेची रीतच झाली.

दुसरं कारण सिनेमा कंपन्यांचं. १९५३ मध्ये शोचिकू, तोहो, दाइएइ, शिन्तोहो आणि तोएइ या पाच कंपन्यांनी आपापसांत करार केला की एकमेकांचे नट पळवायचे नाहीत. पुढे त्याच कराराच्या जोरावर नटांना टीव्हीपासूनही दूर ठेवलं गेलं. त्यामुळे टीव्हीच्या डबिंगला माणसं मिळाली ती नाटकवाल्यांमधून आणि रेडिओवरून. त्या काळी नाटकवाले याला पोटापाण्याचा जोडधंदा समजत. पण त्याचा एक फायदा झाला: या पिढीला आधी उभं राहून, अंग वापरून अभिनय येत होता, माईक नंतर आला.

सहा बावन्नची लोकल

नोझावा म्हणजे अलँ देलाँचा जपानी आवाज ना? आणि ब्रूस विलिसचा?

पिंपळपान

ते नाची नोझावा. पुरुष, जन्म १९३८, निधन २०१०. देलाँ, विलिस, स्टार वॉर्समधला सी-थ्री-पीओ हे त्यांचे. आडनाव एकच, नातं काही नाही. श्रेयनामावली शोधताना नुसतं 'नोझावा' टाकलं तर दोघांची खिचडी होते. पूर्ण नावाने शोधा.

खर्जातला सा

धागाकर्त्यांच्या 'न थांबता बदलण्या'वर तांत्रिक बाजू लिहितो.

जपानी टीव्ही अ‍ॅनिमेचं ध्वनिमुद्रण इंग्रजी डबिंगसारखं एकेकट्याने होत नाही. सगळा संच एका खोलीत असतो. समोर पडदा किंवा मॉनिटर, त्याच्यापुढे ओळीने तीन-चार माईक, भिंतीला लागून बाकं. ज्याचं वाक्य येणार तो उठून माईकपाशी जातो, बोलतो, मागे सरतो. पंधरा जण आणि चार माईक, त्यामुळे कोण कुठल्या माईकवर जाणार हे तालमीतच डोक्यात बसवावं लागतं. दोघे एकाच माईककडे निघाले की पावलांचा आवाज येतो आणि टेक वाया जातो.

संहितेचं पान उभ्या दोन भागांचं: वर दृश्याचं वर्णन आणि कट क्रमांक, खाली संवाद. एका हातात संहिता, नजर अर्धी कागदावर, अर्धी पडद्यावर. पान उलटताना कागद वाजता कामा नये, म्हणून पानाचा कोपरा आधीच सुटा करून ठेवतात. नायलॉनचं जॅकेट, बांगड्या, कडक चपला बाद. पोट गुरगुरलं तरी माईक पकडतो. उपाशीपोटी ध्वनिमुद्रणाला येणारा नवखा नट सगळ्यांच्या शिव्या खातो.

क्रम साधारण असा: जाहिरातीच्या आधीचा अर्धा भाग आणि नंतरचा अर्धा भाग असे दोन तुकडे. प्रत्येक तुकड्याची आधी तालीम, मग दिग्दर्शकाच्या सूचना, मग शेवटची तालीम, मग खरा टेक. ज्या ठिकाणी दोन पात्रं एकमेकांवर बोलतात किंवा कुणाचं वाक्य घसरलं, तेवढे तुकडे शेवटी वेगळे घेतात.

आता तीन पात्रं एकाच तोंडात असली की सोपा मार्ग कोणता? आधी गोकूची सगळी वाक्यं, मग गोहानची, मग गोतेनची. नोझावाबाई तसं करत नाहीत. बाप बोलला की लगेच लेक, एकाच श्वासाच्या अंतरावर, संचाबरोबर सलग. गोकू-गोहान दोघे एकाच वेळी ओरडतात तेवढंच वेगळं घ्यावं लागतं, कारण तोंड एकच.

सलग घेण्याचा फायदा कानाला कळतो. वेगळं घेतलं की प्रश्न एका मूडमध्ये आणि उत्तर दुसऱ्या मूडमध्ये येतं. आवाजाची पातळी, माईकपासूनचं अंतर सगळं थोडं थोडं हलतं आणि संवाद जोडलेला वाटतो.

शेवंती

पण आवाज तर तिघांचा जवळपास सारखाच लागतो! बदल नेमका ऐकायचा कुठे?

खर्जातला सा

पट्टीत शोधू नका, तिथे फरक कमी आहे. तीन ठिकाणी कान ठेवा.

एक, वाक्याची सुरुवात. गोकूचं वाक्य छातीतून, जरा उशिरा आणि सैल सुरू होतं. गोहानचं वाक्य नीट, स्वच्छ, मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखं. गोतेन वाक्याच्या आधीच श्वास घेऊन धावत सुटतो.

दोन, बोलीचा बाज. गोकू स्वतःला 'ओरा' म्हणतो, खेडवळ पद्धतीने. गोहान 'बोकु' म्हणतो आणि वडीलधाऱ्यांशी आदरार्थी क्रियापदं वापरतो. बार्डॉक 'ओरे' म्हणतो आणि वाक्यं तोडतो. जपानी येत नसेल तरी हे तीन शब्द पकडले की पडद्याकडे न बघता कोण बोलतंय ते सांगता येतं.

तीन, वाक्याचा शेवट. गोकू शेवट सोडून देतो, गोहान तो पूर्ण करतो. गोकू ब्लॅक (२०१६) ऐका: घसा तोच, पट्टी जवळपास तीच, पण प्रत्येक वाक्याचा शेवट मोजूनमापून खाली ठेवलेला. अंगावर काटा येतो तो त्या सावकाशपणाने.

रात्रपाळी

अगदी. आणि गोतेन्क्स, वेजितो यांच्याबद्दलही लिहा की.

खर्जातला सा

दोन पात्रं मिसळून एक होतात तेव्हा दोन नट एकाच वेळी तीच वाक्यं बोलतात. वेजितोसाठी नोझावाबाई आणि वेजिताचे र्यो होरिकावा. गोतेन्क्ससाठी नोझावाबाई आणि ट्रंक्सचे ताकेशी कुसाओ. अडचण स्वरांची नसते, व्यंजनांची असते. 'क', 'त', 'प' हे एका क्षणाच्या फरकाने पडले की कानाला टाळी दोनदा वाजल्यासारखं येतं. त्यासाठी श्वास एकत्र घ्यावा लागतो. आधी श्वास जुळला की पहिलं व्यंजन जुळतं, पहिलं जुळलं की बाकीचं वाक्य आपोआप येतं. लांब वाक्यात मधल्या श्वासापाशी पुन्हा घसरण्याची भीती, म्हणून मिसळलेल्या पात्रांची लांब वाक्यं मुद्दाम ऐका. हातखंडा काम आहे.

नाममात्र

सगळे ड्रॅगन बॉलवरच बोलताय. माझ्या मते बाईंचं खरं वर्तुळ 'किटारो'मध्ये आहे.

शिगेरु मिझुकी यांच्या मांगावरची (जपानी चित्रकथेवरची) ही मालिका. पहिली आवृत्ती जानेवारी १९६८ पासून फुजी टीव्हीवर, कृष्णधवल, ६५ भाग. दुसरी १९७१ ची, रंगीत, ४५ भाग. दोन्हींत किटारो म्हणजे नोझावाबाई. त्यानंतर साधारण दर दशकाला नवी आवृत्ती आणि नवा किटारो: १९८५ मध्ये केइको तोदा, १९९६ मध्ये योको मात्सुओका, २००७ मध्ये मिनामी ताकायामा, २०१८ मध्ये मियुकी सावाशिरो. सगळ्या बायकाच.

किटारोचा बाप म्हणजे नुसता एक डोळा, त्याला छोटंसं धड आणि हातपाय, चहाच्या वाडग्यात बसून आंघोळ करणारा. मेदामा-ओयाजी. त्याचा आवाज इसामु तानोनाका यांनी १९६८ पासून केला, मुलगे बदलत गेले तरी बाप तोच राहिला. २०१० मध्ये ते वारले. २०१८ च्या सहाव्या आवृत्तीत बापाच्या जागी आल्या नोझावाबाई, वय ८१. म्हणजे ज्या बाई पन्नास वर्षांपूर्वी मुलगा होत्या, त्या बाप झाल्या.

ऐकताना गंमत अशी की त्यांनी तानोनाकांचा तो किनरा, कुरकुरता ताल ठेवलाय, पण नक्कल केलेली नाही. 'ओइ, किटारो!' ही हाक तर सगळ्या जपानच्या कानात बसलेली. ती फार बदलली तर प्रेक्षक बिथरणार, हुबेहूब केली तर मिमिक्री होणार. त्यांनी हाकेचा चढ जुना ठेवला आणि पुढचं बोलणं आपलं केलं. ९७ भाग आहेत, चार-पाच भागांत हे लक्षात येतं.

२००८ ची 'हाकाबा किटारो' मात्र सोडू नका. फक्त ११ भाग. मोठ्यांसाठी, मूळ मांगाच्या काळोख्या वळणाची. त्यात नोझावाबाई पुन्हा किटारो, चिकाओ ओत्सुका पुन्हा नेझुमी-ओतोको, तानोनाका पुन्हा बाप. १९६८ चा संच चाळीस वर्षांनी एकत्र. हा किटारो लबाड आहे, आणि तोच मुलाचा आवाज लबाडीसाठी वापरलेला ऐकायला मिळतो.

सहा बावन्नची लोकल

डोरेमॉनचाही आवाज केलाय म्हणे त्यांनी? की ही पुडी आहे?

नाममात्र

पुडी नाही. १९७३ ची, निप्पॉन टीव्हीवरची डोरेमॉन. एप्रिल ते सप्टेंबर, २६ आठवडे. आपल्याकडची पोरं पाहतात ती १९७९ नंतरची, ही तिच्या आधीची आणि वेगळ्या कंपनीची. सुरुवातीला डोरेमॉनला कोसेइ तोमिता यांचा आवाज होता, पुरुषी, काकांसारखा. मध्यावर बदल करून नोझावाबाईंना आणलं. मालिका संपली, निर्मिती करणारी कंपनी बंद पडली आणि आज ती कुठे अधिकृतपणे बघायला मिळत नाही. १९७९ पासून २००५ पर्यंत नोबुयो ओयामा, त्यानंतर वासाबी मिझुता.

कडबोळी

सत्तरच्या दशकातलं बाकीचं काम कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. १९७० ची 'इनाकाप्पे ताइशो', तात्सुनोको कंपनीची: खेड्यातून शहरात ज्युडो शिकायला आलेला मुलगा. १९७२ ची 'दोकोंजो गाएरु', १०३ भाग: शर्टावर बेडूक चिकटलेला हिरोशी. १९७५ ची 'गांबा नो बोकेन', २६ भाग: उंदीर. १९८० ची टॉम सॉयर. या सगळ्या विनोदी किंवा धावपळीच्या भूमिका आहेत, आणि गोकूचा मोकळा हसरा सूर इथून आलेला स्पष्ट ऐकू येतो.

माझ्या लेखी यात 'गांबा' सरस. पांढऱ्या वीझलसमोर (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) भेदरलेले उंदीर. बाईंचा आवाज तिथे घाबरतो, आणि घाबरला तरी पुढे जातो. गोकू घाबरतच नाही, त्यामुळे ही बाजू ड्रॅगन बॉलमध्ये फारशी सापडत नाही.

तेत्सुरोचं एक निरीक्षण: टीव्ही मालिकेतला तेत्सुरो (११३ भाग, १९७८ ते १९८१) लहान आहे. १९७९ च्या चित्रपटात त्याचं वय पंधरा केलंय. नट तीच, काळ तोच, पण चित्रपटात बाईंनी रडणं आवरलेलं आहे. मालिकेत तेत्सुरो भोकाड पसरतो. चित्रपटात घसा दाटतो आणि वाक्य तुटतं. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हा फरक नेमका.

डावखुरा

थोडा विरोधी सूर लावतो. मुलांच्या भूमिकांबद्दल काहीच म्हणणं नाही. पण दोन पोरांचा बाप, सहा फुटी पैलवान, आणि आवाज लहान मुलाचा? हे निव्वळ सवयीने चालवून घेतलं जातं. मूळ मालिकेच्या शेवटच्या टप्प्यात गोकू मोठा होतो तिथेच नट बदलायला हवा होता. आज प्रेक्षकांना पर्याय दिला तर निम्मे पुरुषाचा आवाज निवडतील.

पिंपळपान

निम्मे कशावरून? असो. प्रश्न रास्त आहे, उत्तरही आहे.

गोकूच्या निवडीच्या वेळी मूळ मांगा काढणाऱ्या अकिरा तोरियामांना नावं न सांगता आवाजांच्या फिती ऐकवल्या होत्या आणि त्यांनी हा आवाज उचलला. पुढे चित्रं काढताना त्यांना हाच आवाज ऐकू येई, असं त्यांनीच सांगितलंय. म्हणजे मोठा गोकू कागदावर उतरला तोच या आवाजासकट. गोकूला मोठेपणाचं ओझं नाही, बायको काय म्हणते कळत नाही, मरणाची भीती नाही, जेवण आणि कुस्ती एवढंच. त्याला घोगरा नायकी आवाज दिला की तो सुपरमॅन होतो. इंग्रजीत नेमकं तेच झालं, संवादही तसेच वीरश्रीचे लिहिले गेले.

डावखुरा

तोरियामांना चाललं म्हणून प्रेक्षकाला चालावं असं नाही. रागाच्या प्रसंगात तो आवाज पातळ पडतो, हे तरी मान्य करा.

खर्जातला सा

मान्य नाही, पण तुमच्या कानाचा दोष नाही. दोष फितीचा आहे. ही गोष्ट फार जणांना माहीत नसते.

'ड्रॅगन बॉल झेड' ही मोठ्या गोकूची पुढची मालिका १६ मिमी फिल्मवर चित्रित झाली आणि टीव्हीवर मोनो आवाजात गेली. प्रक्षेपणासाठी वापरलेल्या मूळ ध्वनिफिती नंतर राखल्या गेल्या नाहीत. त्यामुळे २००३ मध्ये जपानमध्ये ड्रॅगन बॉक्स नावाने डीव्हीडी आल्या तेव्हा आवाज घेतला तो फिल्मच्या कडेला छापलेल्या प्रकाशीय ध्वनिपट्टीवरून. १६ मिमीच्या त्या पट्टीवर वरच्या कंपनसंख्या उतरतच नाहीत, आणि मोठा आवाज आला की ती फाटते. परिणाम: बोलणं गोधडीआडून आल्यासारखं, किंकाळ्या करकरीत. बाईंच्या आरडाओरड्यातली छातीची ताकद जाते आणि वरचा पातळ पापुद्रा उरतो. तुम्ही जे 'पातळ' म्हणताय ते हेच. पुढच्या बहुतेक आवृत्त्यांना हाच आवाज मिळाला.

ऐंशी-नव्वदच्या दशकात जपानी चाहत्यांनी टीव्हीवरून व्हिडिओ टेपवर उतरवलेले भाग आहेत, त्यातला आवाज कितीतरी स्वच्छ. एकाच प्रसंगाचे दोन्ही आवाज लागोपाठ ऐकले की कुठला घसा आणि कुठली फिल्म हे लगेच कळतं.

सोपा उपाय 'काइ'. २००९ मध्ये झेडची काटछाट करून नवी आवृत्ती काढली, त्यात चित्र जुनं, पण आवाज सगळे नव्याने ध्वनिमुद्रित. म्हणजे त्याच बाई, तेच संवाद, वीस वर्षांनी, आधुनिक माईकवर. रागाचे प्रसंग 'काइ'मध्ये ऐका आणि मग बोला.

डावखुरा

फितीचं ठाऊक नव्हतं, बघतो. पण बापाला मुलाचा आवाज हा आक्षेप कायम.

शेवंती

बालगंधर्वांचं स्त्रीपार्ट ऐकून घेणाऱ्या मुलखातल्या माणसाने हा आक्षेप घ्यावा म्हणजे कमाल आहे 😄

डावखुरा

😄 तिथे निदान शालू तरी दिसत होता.

कडबोळी

ओरडण्याबद्दल एक. नवखे नट गळ्यातून ओरडतात आणि दुसऱ्या टेकला घसा बसतो. नाटकातून आलेल्यांचं ओरडणं पोटातून असतं: आधी बरगड्या फुगवून श्वास, घसा मोकळा, ताकद खालून. माईकपाशी आणखी एक काळजी. बोलताना तोंड आणि माईक यांत साधारण वीतभर अंतर. ओरडायचं असेल तर पाऊलभर मागे सरायचं किंवा तोंड किंचित बाजूला करायचं, नाहीतर आवाज फाटतो आणि 'प', 'फ'चा वारा माईकवर आदळतो. पण फार मागे गेलं की खोलीचा घुमारा येतो आणि पात्र एकदम लांब गेल्यासारखं वाटतं. हे पाऊल किती, ते पायांना माहीत असावं लागतं, कारण डोळे पडद्यावर असतात.

गोकूच्या 'कामेहामेहा' या ऊर्जेच्या माऱ्याची आरोळी याच कारणाने अवघड. पहिली चार अक्षरं दाबून, जवळून. शेवटचं 'हा' लांबून, आणि मध्ये श्वास चोरायचा नाही. पडद्यावर चित्र अर्धवट असेल तर आणखी पंचाईत. वेळेत काम न झाल्याने नुसत्या पेन्सिलीच्या रेषा किंवा कुणाचं वाक्य कधी हे दाखवणारी रंगीत पट्टी पडद्यावर येते. पट्टी आहे तोवर बोलायचं, गेली की थांबायचं. पात्राचा चेहराच दिसत नसेल तर किती चिडलाय ते अंदाजाने. नंतर पूर्ण झालेल्या चित्राशी ते बसलं नाही तर चित्रातलं तोंड जुळवून घेतात किंवा तेवढा तुकडा पुन्हा.

रात्रपाळी

याला जोडून: बाई गोष्ट पुढे वाचून ठेवत नाहीत. मूळ मांगा आधी वाचला तर पुढच्या भागात काय होणार हे माहीत असल्याचं आवाजात उतरतं, गोकूला तर ते माहीत नसतं, अशी त्यांची भूमिका. सगळ्यांनी हे करावं असं नाही. खलनायक करणाऱ्याला शेवट माहीत असणं गरजेचं असतं, नाहीतर आधीचे इशारे पेरता येत नाहीत. पण गोकूसारख्या पात्राला हे चपखल.

पिंपळपान

पैशांचं कुणी बोललं नाही, तेही थोडं. जपानमध्ये आवाजाचं मानधन वाक्यांवर नव्हे, भागावर मिळतं. नटांच्या संघटनेने दर्जे ठरवलेले आहेत: नवख्यांना अर्ध्या तासाच्या भागाला १५ हजार येन, तिथून अनुभवाप्रमाणे ४५ हजार येनपर्यंत, आणि त्याच्याही वर ज्येष्ठांसाठी बोलून ठरवण्याचा दर्जा. एक वाक्य असलं काय आणि शंभर असली काय, भागाचा दर तोच.

हे दरही सहज मिळालेले नाहीत. ८ ऑगस्ट १९७३ ला आवाजाच्या नटांनी २४ तासांचा संप केला, त्यातून मानधन सरासरी ३.१४ पट झालं. आधी किती तुटपुंजं असेल ते यावरून समजा. १९९१ मध्ये आणखी एकदा मोठी वाढ मिळवली. दर्जा वर गेला की काम कमी मिळतं हा याचा उलटा परिणाम: तंग खर्चाची मालिका १५ हजारवाले पंधरा जण घेते आणि ज्येष्ठाला टाळते. साठीनंतर मुख्य भूमिका मिळत राहणं म्हणूनच दुर्मीळ.

सहा बावन्नची लोकल

गिनेसचं काय होतं?

नाममात्र

२०१७ मधले दोन विक्रम, दोन्ही व्हिडिओ गेमचे, मालिकांचे नाहीत. एकाच पात्राला व्हिडिओ गेममध्ये सर्वाधिक काळ आवाज: २३ वर्षं २१८ दिवस. आणि व्हिडिओ गेममधला आवाजाचा नट म्हणून सर्वाधिक कारकीर्द. मालिका धरल्या तर आकडा याहून मोठा, कारण गोकू १९८६ चा.

गेमचं काम वेगळं असतं, हेही सांगतो. तिथे संच नाही, पडदा नाही, समोर वाक्यांचा तक्ता. 'छोटा फटका बसला', 'मोठा फटका बसला', 'उडी', 'पडला', 'जिंकला', प्रत्येकाचे दोन-तीन प्रकार. गोष्ट नाही, समोर कुणी नाही, आणि आरडाओरडा सलग. घशाला मालिकेपेक्षा जास्त ताप हाच. म्हणून आरोळ्या शेवटी ठेवतात: आधी साधी वाक्यं, मग मारामारी, सगळ्यात शेवटी किंकाळ्या. क्रम उलटा केला तर साधी वाक्यं बसक्या घशाने येतात.

शेवंती

अवांतर: आयडेंटिटी या विनोदी जोडीतला ताजिमा नोझावाबाईंची नक्कल करतो, गोकूचे केस आणि नारिंगी कपड्यांसह. तो गोकूची नव्हे, गोकूचा आवाज करणाऱ्या बाईंची नक्कल करतो, म्हणून जास्त हसू येतं.

बरं, ज्याने जपानी ट्रॅक कधीच ऐकलेला नाही त्याने सुरुवात कुठून करावी? झेडचे २९१ भाग कोण बसून बघणार?

रात्रपाळी

झेडपासून सुरुवात करू नका. मूळ ड्रॅगन बॉलचे (एकूण १५३) पहिले तेरा भाग बघा. तिथे गोकू लहानच आहे, त्यामुळे आवाज खटकत नाही, आणि मोठा झाल्यावर तोच आवाज ओळखीचा वाटतो. मग झेडचे पहिले पाच: बाप-लेक एकत्र, आणि पाचव्यात गोकू मरतो. मग ९५ वा भाग, मित्र क्रिलिन मेल्यानंतरचं गोकूचं रूपांतर. तिथे गोकू गोहानला ओरडून निघून जायला सांगतो तो क्षण नीट ऐका. दोघेही त्याच बाई, आणि पोरगं बापाला घाबरलंय. मग १८४ ते १९१: गोहानच्या रागाचा स्फोट आणि शेवटी मेलेल्या बापाचा आवाज लेकाला धीर देतो तो प्रसंग. तिथे बाई अक्षरशः स्वतःशीच बोलतायत.

बार्डॉकसाठी १९९० चा टीव्ही विशेष भाग. तासाभराचाही नाही. डावखुरा यांनी तो नक्की बघावा.

खर्जातला सा

एक सूचना. हे क्रमांक मूळ जपानी आहेत. अमेरिकेत पहिल्यांदा दाखवताना झेडचे पहिले ६७ भाग कापून ५३ केले होते, त्यामुळे जुन्या इंग्रजी यादीत ९५ वा शोधला तर भलताच भाग लागतो. यादीत एकूण २९१ असतील तर क्रमांक जुळतील, २७६-२७७ च्या आसपास असतील तर ती कापलेली यादी. आणि ट्रॅक निवडताना भाषा जपानी केली तरी पार्श्वसंगीत बदललंय का तेही बघा. मूळ संगीत शुन्सुके किकुची यांचं, तुतारीसारख्या पितळी वाद्यांचं. इलेक्ट्रिक गिटार सतत घोंघावत असेल तर तुम्ही अजून इंग्रजी ट्रॅकवरच आहात.

डावखुरा

बार्डॉक पाहिला. हा आवाज मोठ्या गोकूला का नाही दिला मग? जमतं तर होतं!

कडबोळी

कारण मग गोकू बार्डॉक झाला असता. २०१८ च्या 'ब्रोली' चित्रपटात दोघेही आहेत, सुरुवातीला बार्डॉक बाळाला यानात बसवून पाठवतो आणि पुढे गोकू येतो. आता तो लावा.